चाकाचं कर्ज

बँकेच्या ३६ वर्षांच्या नोकरीत मी शेकडो कर्जप्रकरणं मंजूर केली. त्यातल्या एकाच प्रकरणाचा हिशेब अजून माझ्या डोक्यात मिटलेला नाही. रक्कम किरकोळ होती. कर्जदारानं ती व्याजासकट फेडली, खातं बंद झालं, कागदपत्रं केव्हाच रद्दीत गेली असतील. अर्जावर ‘व्यवसाय’ या रकान्यापुढे मी माझ्या अक्षरात ‘कुंभारकाम’ असा एक शब्द लिहिला होता. पुढे काही वर्षांनी देवीप्रसाद नावाच्या एका मृत्तिका-कलावंताच्या आयुष्याशी माझी गाठ पडली, आणि तो शब्द लिहिताना मला त्यातलं काय काय माहीत नव्हतं, ते हळूहळू कळत गेलं.

देवीप्रसादांबद्दल लिहायचं तर आधी भोरबद्दल लिहायला हवं. कारण मातीशी माझी पहिली ओळख झाली ती भोरला. आणि ती चुकीची झाली.

१९८७ साली माझी बदली भोरच्या शाखेत झाली. पुण्यापासून जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटर, पण मुलूख निराळा. एके काळी पंतसचिवांच्या संस्थानची राजधानी. नीरेच्या काठी राजवाडा, जवळच भाटघरचं धरण, पुढे महाडकडे उतरणारा वरंध घाट. पावसाळ्यात हवा इतकी दमट की खातेवह्यांच्या पानांवर शाई फुटायची. शहरातून नुकताच आलेला, वाणिज्य शाखेचा पदवीधर असलेला मी तिथं ग्रामीण कर्जांचं काम पाहू लागलो.

ते दिवस एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे होते. पंचायत समितीकडून दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांची यादी यायची, त्यात कुणाला शेळ्या, कुणाला म्हैस, कुणाला शिलाई यंत्र असं वाटून दिलेलं असायचं. ग्रामीण कारागिरांना एक तृतीयांश अनुदान, बाकीचं बँकेचं कर्ज. आणि या सगळ्यावर मार्चअखेरची टांगती तलवार. उद्दिष्ट पुरं व्हायला हवं! त्या वर्षी यादीत काही नावं कुंभारांची होती आणि त्यांच्यापुढे ‘विजेवर चालणारे चाक’ असं लिहिलेलं होतं.

त्यांपैकी एक गृहस्थ साठीच्या घरातले होते. आळीत सगळे त्यांना आबा म्हणत, मीही आबाच म्हणू लागलो. त्यांच्या अंगणात गेलो तेव्हा ते उकिडवे बसून एका कच्च्या माठावर लाकडी थापी मारत होते. आतून एका हातानं गोटा धरलेला, बाहेरून थापीचे ठोके. आवाज मोठा लयीत येत होता.

“आबा, तुम्हाला चाक मंजूर होतंय. विजेवरचं.”

“चाक हाय की, सायब.”

“ते काठीनं फिरवावं लागतं. हे मोटारीवर फिरेल. काम दुप्पट होईल.”

आबांनी थापी खाली ठेवली. “काम चाकावर कुटं असतंय, सायब?”

मग त्यांनी मला सांगितलं. उन्हाळ्यात तळ्याची माती खणायची, गाढवांवर लादून आणायची, वाळवायची, फोडायची, चाळायची. भिजत घालायची. लीद आणि राख घालून पायानं तुडवायची, हातानं मळायची. यातलं निम्मं काम घरातल्या बायका करतात. मग चाक. चाकावरून उतरलेला माठ अजून जाडजूड असतो, तो थोडा सुकला की थापीनं ठोकून पातळ करायचा आणि फुगवायचा. मग सावलीत वाळवायचा. ऊन लागलं तर तडकतो. मग सरपण, गोवऱ्या, पेंढा जमवून आवा रचायचा. आणि ऐन वेळी वळवाचा पाऊस आला तर सगळ्याचा चिखल. रुपयात चाकाचा वाटा एक आणा, असा त्यांचा हिशेब होता.

त्यांना काय हवं होतं? पत्र्याचं छप्पर, आणि मृगाआधी माती नि सरपण भरून ठेवायला थोडे पैसे. पण आमच्या यादीत छप्पर बसत नव्हतं, आणि माती तर बँकेच्या लेखी मालमत्ताच नव्हे. चाकाला कोटेशन होतं, बिल होतं, पुरवठादाराचा शिक्का होता. मी चाक मंजूर केलं.

आबांना सही येत नव्हती. अंगठ्याचा ठसा घ्यायला लागलो तर कागदावर नुसता निळा डाग उमटला, रेषाच नाहीत! जन्मभर ओल्या मातीवर घासून त्या झिजून गेल्या होत्या. मी वैतागून तीनदा ठसा घेतला. आपण कशाकडे पाहतो आहोत, हे तेव्हा लक्षातही आलं नाही.

वर माझी हुशारी अशी, की मी त्यांना सल्लाही दिला होता. म्हटलं, “आबा, लोणच्याच्या बरण्यांना असते तशी चकाकी द्या ना माठांना. चार पैसे जास्त येतील.” आबा माझ्याकडे बघत राहिले. मग अगदी सौम्यपणे, लहान मुलाला सांगावं तसं म्हणाले, “मग पानी गार कसं व्हायचं, सायब?” साधी गोष्ट. कमी आचेवर, सात-आठशे अंशांवर भाजलेली माती सच्छिद्र राहते, तिच्यातून पाणी पाझरतं, त्याची वाफ होते आणि आतलं पाणी गार होतं. चकाकीचा थर दिला की छिद्रं बुजली. बरणीला जे भूषण, तेच माठाला दूषण. शाळेत बाष्पीभवनाची व्याख्या मी पाठ केली होती, पण माठाचा आणि तिचा संबंध मला एका निरक्षर माणसानं लावून दिला.

सहा महिन्यांनी तपासणीला गेलो तेव्हा चाक गोणपाटात गुंडाळून कोपऱ्यात उभं होतं. वीज असायची तेव्हा माती तयार नसायची, माती तयार असायची तेव्हा वीज नसायची. मी अहवाल लिहिला: ‘मालमत्ता पाहिली. चालू स्थितीत. व्यवसाय सुरू.’ तिन्ही विधानं सुटी सुटी पाहिली तर खोटी नव्हती, एकत्र वाचली की खोटी होती.

हप्ते मात्र चुकले नाहीत. आबांच्या खात्याचा उतारा म्हणजे पंचांगच होतं. नवरात्रात घटांचे पैसे, दिवाळीत पणत्यांचे, संक्रांतीला सुगडांचे, चैत्र-वैशाखात माठांचे. आणि मग १९९० साली केंद्र सरकारची कर्जमाफी आली. दहा हजारांपर्यंतची माफी, कारागिरांनाही. अट अशी, की २ ऑक्टोबर १९८९ रोजी कर्ज थकलेलं असलं पाहिजे. आबांचं थकलेलं नव्हतं. मी त्यांना हे समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, “म्हंजी फेडलं नसतं तर सुटलो असतो?” मी “हो” म्हणालो. “असू द्या,” म्हणाले, “देनं फिटलं.” चहा घेतला आणि गेले.

पुढच्याच वर्षी माझी वर्ध्याला बदली झाली.

वर्ध्याहून सेवाग्राम आठेक किलोमीटर. सुटीच्या दिवशी दुसरं जाणार कुठं? बापूकुटीच्या मातीच्या भिंतीवर मीराबेननी उठावात काढलेली ताडाची झाडं आहेत, ती पाहायला मी पुन्हा पुन्हा जात असे. मातीच्या भिंतीवर मातीचंच चित्र. ना रंग, ना चौकट. एकदा तिथल्या एका वृद्ध कार्यकर्त्यांशी बोलताना मी भोरच्या कुंभारांचा विषय काढला, तर ते म्हणाले, “इथंही एक होते. चित्रकार. मुलांना मातीकाम शिकवायचे. नंतर लंडनला गेले आणि जगभरच्या सैन्यांविरुद्ध काम करू लागले.” चित्रकार, कुंभार आणि सैन्याविरुद्ध? हे त्रैराशिक काही मला सुटेना. मी माहिती जमवू लागलो.

देवीप्रसाद मूळचे डेहराडूनचे, जन्म १९२१ चा. १९३८ मध्ये ते शांतिनिकेतनच्या कलाभवनात दाखल झाले. रवींद्रनाथ हयात होते, आणि गुरू होते नंदलाल बोस. हे नंदलालबाबू महाराष्ट्राला अगदीच परके नव्हेत. १९३६ साली खानदेशात फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, तेव्हा गांधीजींनी मंडपाची सजावट त्यांच्याकडे सोपवली होती, आणि त्यांनी ती बांबूसारख्या गावातल्याच वस्तूंमधून उभी केली. कलेला लागणारं सामान गावात असतंच, आपल्याला ते दिसत नाही, हा धडा शिष्याच्याही अंगात भिनला असावा.

१९४४ मध्ये देवीप्रसाद सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आले. गांधीजींच्या आश्रमात कला? मलाही हा प्रश्न पडला होता. पण ‘नयी तालीम’ ही कल्पनाच मुळी हातानं शिकण्याची होती. १९३७ च्या वर्धा परिषदेतून ती पुढे आली. आर्यनायकम आणि आशादेवी हे दांपत्य, तेही शांतिनिकेतनातूनच आलेलं, सेवाग्रामात ती राबवत होतं. सूत काततानाच गणित, शेत करतानाच विज्ञान. देवीप्रसादांनी त्यात चित्र आणि माती आणली. मुलांनी चित्रकार व्हावं म्हणून नव्हे. आपल्या हातून काही घडतं, हे ज्याला लहानपणी कळलं तो मोडतोडीकडे सहज वळत नाही, अशी त्यामागची श्रद्धा होती. मुलांच्या कलेवर त्यांनी आधी हिंदीत लिहिलं, पुढे ‘आर्ट : द बेसिस ऑफ एज्युकेशन’ हे त्यांचं पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टनं १९९८ मध्ये काढलं. ते ‘नयी तालीम’ मासिकाचं संपादन करत, छायाचित्रं काढत, आणि चाकावर बसत.

१८ वर्षांनी, १९६२ मध्ये, ते लंडनला गेले. ‘वॉर रेझिस्टर्स इंटरनॅशनल’ ही युद्धात भाग घ्यायला नकार देणाऱ्यांची जागतिक संघटना, तिचे ते सरचिटणीस झाले. काळ व्हिएतनाम युद्धाचा. सैन्य सोडून पळालेल्या अमेरिकन तरुणांवर त्यांनी १९७१ मध्ये एक पुस्तकही केलं. १९७२ पर्यंत सरचिटणीसपद, पुढे १९७५ पर्यंत अध्यक्षपद. मग पुन्हा माती. १९८३ च्या सुमारास ते भारतात परतले आणि शेवटपर्यंत मातीत रमले. आमच्या बँकेच्या भाषेत अशा नोकरीला ‘खंडित सेवा’ म्हणतात, निवृत्तिवेतनाला धरत नाहीत! पण मला त्यात खंड दिसत नाही. शाळेतला मातीचा गोळा आणि बंदूक नाकारणारा पोरगा, दोन्हीकडे प्रश्न एकच: माणसाच्या हातांना काय काम द्यायचं?

त्यांची भांडी मी प्रत्यक्ष हातात घेतलेली नाहीत, हे कबूल करायला हवं. २०१० मध्ये दिल्लीत त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन भरलं होतं. त्याची मांडणी करणाऱ्या नमन आहुजा या कला-इतिहासकारांचं देवीप्रसादांवरचं जाडजूड पुस्तक पुढच्या वर्षी आलं. त्याच वर्षी, २०११ मध्ये, देवीप्रसाद गेले. तोवर ‘ललित कला रत्न’ आणि विश्वभारतीची ‘देशिकोत्तम’ हे सन्मान त्यांना मिळाले होते. मी पाहिली ती छायाचित्रं. वाडगे, चहादाण्या, बरण्या, थाळ्या. कलादालनात मांडल्या तरी स्वयंपाकघराची आठवण न सोडणाऱ्या वस्तू.

ही माती आबांच्या मातीहून वेगळी. तिला १,२५० ते १,३०० अंशांची आच लागते. मग ती दगडासारखी घट्ट होते, पाणी पीत नाही. वर जी झिलई येते, ज्याला सगळे आता ‘ग्लेझ’च म्हणतात, ती म्हणजे भांड्यावर वितळलेली काच. काचेला सिलिका हवी, ती वितळायला काही हवं, आणि भांड्यावरून ओघळू नये म्हणून थोडी माती. यात मला गंमत वाटली ती राखेची. लाकडाच्या राखेत चुना आणि पोटॅश असतं, भाताच्या तुसाच्या राखेत ९० टक्क्यांच्या आसपास सिलिका. चीन-जपानचे कुंभार शतकानुशतकं राखेच्या झिलया करत आले. आणि सह्याद्रीचा काळा पाषाण? तो लोहयुक्त बसाल्ट; त्याची पूड त्या आचेत वितळून तपकिरी-काळा रंग देते. भोरच्या भातगिरण्यांमागे तुसाचे ढीग मी रोज पाहत होतो, वेल्ह्याकडे जाताना रस्त्याकडेला खडी फोडणारे पाहत होतो. या सगळ्याची काच होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

अशा झिलयांच्या कृती बरेच कुंभार-कलावंत गुप्त ठेवतात. इथं निर्मला पटवर्धनांचं नाव घ्यायलाच हवं. सिंधमधल्या हैदराबादच्या, भाई प्रताप यांच्या या कन्या, त्याही शांतिनिकेतनच्या. लग्नानं त्या अच्युतराव आणि रावसाहेब पटवर्धनांच्या घरात आल्या. त्यांनी इथला कच्चा माल घेऊन झिलयांचे प्रयोग केले आणि सगळ्या कृती ‘हँडबुक फॉर पॉटर्स’मध्ये छापून टाकल्या. घ्या, करा! त्यांचे चिरंजीव आनंद पटवर्धन यांनी २०२३ मध्ये आई-वडिलांवर ‘वसुधैव कुटुंबकम्’ हा माहितीपट केला, त्यात हे घर दिसतं. निर्मलाबाईंचं औदार्य मोठंच. पण ते पुस्तक इंग्रजीत आहे, आणि माझ्या डोळ्यांपुढे येतो आबांचा तो रेषा नसलेला अंगठा.

इथं माझ्या मनात एक कुरकुर आहे, ती सांगून टाकतो. विसाव्या शतकात इंग्लंडचे बर्नार्ड लीच आणि जपानचे यानागी सोएत्सु यांनी अनामिक कारागिराची थोरवी मांडली. नाव न लावता, गावासाठी, रोजच्या वापराची वस्तू करणारा कारागीरच खरं सौंदर्य घडवतो, असा तो विचार. जगभरचे कुंभार-कलावंत तो वाचून मोठे झाले. पण त्यांच्या भांड्यांच्या बुडाशी त्यांचे शिक्के असतात आणि त्या शिक्क्यांना किंमत येते. पुण्यातल्या एखाद्या स्टुडिओतला वाडगा आपण हजार रुपयांना घेतो आणि रस्त्यावरच्या कुंभारणीशी पणत्यांच्या डझनामागे पाच रुपयांसाठी वाद घालतो. देवीप्रसादांची भांडीही शेवटी दिल्लीतल्या जाणत्यांच्याच घरी गेली असणार. मग त्यांच्यात आणि इतरांत फरक काय?

मला वाटतं, फरक त्या सेवाग्रामच्या १८ वर्षांत आहे. कुंभाराला शिकवायला हवं, त्याला नवं चाक द्यायला हवं, असं आम्ही सगळे मानत होतो: सरकार, बँक आणि मी. देवीप्रसाद माती घेऊन गेले ते बाकीच्यांच्या मुलांकडे. जी पोरं पुढे कारकून होतील, मास्तर होतील, बँकेत बसतील, त्यांच्याकडे. माझं सगळं शिक्षण बाकावर बसून झालं. भोरला जाईपर्यंत, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षापर्यंत, मातीचा एक गोळाही मी मळलेला नव्हता. शाळेत एक पावसाळाभर जरी माती तुडवली असती, तरी ‘काम चाकावर कुटं असतंय’ हे मला आबांना विचारावं लागलं नसतं. आणि मग मी वरिष्ठांशी भांडून छप्पराचं कर्ज दिलं असतं की नाही सांगता येत नाही, पण चाकाचं दिलं नसतं एवढं खरं. कर्ज देणारा अडाणी असला की त्याचा हप्ता कर्जदार फेडतो.

सेवाग्रामची ती शाळा पुढे त्या रूपात टिकली नाही, देशानं नयी तालीम बाजूला ठेवली. आज शहरात पैसे भरून लोक शनिवार-रविवार चाकावर बसायला जातात. मला त्याची टिंगल करावीशी वाटत नाही. त्यातला एखादा उद्या पणत्या घेताना गप्प बसेल.

गेल्या संक्रांतीच्या आधी कामासाठी भोरला जाणं झालं. वाट वाकडी करून त्या आळीत गेलो. आबा जाऊन खूप वर्षं झाली. मुलानं शिरवळच्या एका कारखान्यात नोकरी केली, तोही आता निवृत्त आहे. त्यानं मला ओळखलं नाही, बँकेचं नाव काढल्यावर जरा सावध झाला. सून अंगणात सुगडं वाळत घालत होती. पूर्वी बाईनं चाकावर बसायचं नाही असा दंडक असे, म्हणून मी विचारलं, “वहिनी, ही कुणी केली?” “मीच की,” त्या म्हणाल्या. “ह्यास्नी कुटं येतंय!”

आबांचं ते काठीनं फिरवायचं दगडी चाक त्या अजून वापरतात. विजेच्या चाकाचं काय झालं, ते विचारायचा मला धीर होत नव्हता. शेवटी विचारलं. मुलगा हसला आणि मला मागच्या पडवीत घेऊन गेला. चाकाची तबकडी पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून बसवलेली होती. मोटार मात्र त्यांनी काढून तिखट कांडायच्या यंत्राला जोडली होती, आणि आळीतल्या बायका डबे घेऊन बाहेर ओळीनं बसल्या होत्या.

“चालते का अजून?” मी विचारलं.

त्यानं खटका दाबला. सगळीकडे मिरचीचा खकाणा उडाला आणि मला ठसका लागला.

बाहेर येऊन पाच सुगडं घेतली. वहिनींनी सांगितले तेवढे पैसे दिले. त्यांनी कागदात बांधून दिली आणि वर एक पणती ठेवली, तिचे पैसे घ्यायला काही त्या तयार होईनात.